पाठीपाशी उरलेली जागा

मी एक वेटसूट. थंड पाण्यात बुडी मारणारे लोक अंगाला घट्ट चढवतात, तो काळा, जाड रबरी पोशाख. एका भल्या माणसाचा डावा पाय अधू झाला आणि त्यात माझाही हात आहे. दोन लांब बाह्या असलेल्यानं असं म्हणावं, याचं तुम्हाला हसू आलं तर हसा. मला येत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या रबरात मोहरीहून बारीक असे लाखो बुडबुडे कोंडलेले आहेत; माणसाची ऊब तेच धरून ठेवतात. माझी पाठ जोडताना शिवणाऱ्या बाई शेजारणीला म्हणाल्या होत्या, "हा कुणा भरदार माणसाचा असणार गं!" मी निघालोच तसा, पाठीत ऐसपैस.

दुकानात मी दोन हिवाळे खुंटीवर काढले. गिऱ्हाईक यायचं, चाचपायचं, परत टांगायचं. शेजारचे एकेक करून निघून गेले. आपल्याला कुणीतरी न्यावं, अशी हाव मला सुटली होती. कोण नेतंय, हे बघायची शुद्ध उरली नव्हती.

एका सकाळी बापलेक आले. वडील निवृत्त पोस्टमन. अंगानं शिडशिडीत, पाय मात्र आयुष्यभर चालून दोरखंडासारखे पिळदार. मुलगी जवळच्या तळ्यात लोकांना स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली वावरणं, शिकवायची. तळं खोल, आणि भर उन्हाळ्यातही हाडं गोठवणारं.

"आमच्या चिमणीचं ऑफिस पाण्याखाली आहे," वडील दुकानवाल्या बाईंना सांगत होते. "पोहण्याच्या तलावात माझे सगळे धडे गिरवून झालेत. म्हटलं, आता डोळे मिटायच्या आत एकदा पोरीचं ऑफिस बघून घेऊ."

"बाबा, काहीतरीच काय बोलता!" मुलगी म्हणाली, पण चेहरा खुलला होता तिचा.

पहिला सूट गुडघ्याशीच अडला. दुसरा खांद्यापर्यंत गेला आणि वडील त्यात असे अडकले, की ओढून काढताना दोन गिऱ्हाइकं तोंडावर हात धरून हसली. मुलगी लाल झाली. तिसरा अंगाला चपखल बसला. पण वडील कुरकुरले, "जीव गुदमरतोय गं."

"काका, कोरड्या जमिनीवर घट्ट वाटणारच," बाई म्हणाल्या. "आत थोडं पाणी शिरतं, ते अंगाच्या उबेनं कोमट होतं आणि तेच तुम्हाला सांभाळतं. सूट सैल असला की ते पाणी टिकत नाही, दर हालचालीला गार पाणी आत येतं. श्वास पुरता घेता येतोय ना? हात डोक्यावर जातायत? मग हाच घ्या."

वडिलांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी त्यांच्या अंगावर सरसर चढलो. "हा बघ! घरच्या कपड्यांसारखा!"

मुलीनं घड्याळ पाहिलं. अकराला तिचे विद्यार्थी तळ्याच्या धक्क्यावर येणार होते. तिनं माझ्या पाठीवर हात दाबला. कंबरेच्या वर रबर चांगलं चार बोटं आत गेलं. तिचा हात क्षणभर तिथंच थबकला.

"चालेल," ती म्हणाली.

मला वाचा असती, तर मी तेव्हा बोललो असतो का? खोटं कशाला सांगू? नसतो बोललो. मी खुशीत होतो.

काठाजवळच्या दोन बुड्या नीट पार पडल्या. तिसरी खोल होती. तिथं पाठीच्या पोकळीतून गार पाणी येऊ-जाऊ लागलं. ते जरा वळले की नवं पाणी. मी ते अडवू शकत नव्हतो. त्यांचं अंग थरथरू लागलं, ते माझ्याइतकं जवळून कुणालाच कळत नव्हतं. मुलगी पुढं होती. बुडालेल्या होडीतले मासे दाखवत होती. मागं वळून तिनं खुणेनं विचारलं, ठीक? त्यांनी अंगठ्याला तर्जनी टेकवली, ठीक. तिनं तीनदा विचारलं. तीनदा तेच उत्तर.

बुडी मारताना माझ्यावर हवा भरायचं जाकीट चढवतात; वर येताना बटण दाबून त्यातली हवा थोडी थोडी सोडावी लागते. त्यांची बोटं लाकडं झाली होती; बटण सापडेना. जाकिटातली हवा फुगत गेली. वर पाण्याचा दाब कमी होतो तसे माझ्या अंगातले बुडबुडेही फुगले. ज्यांनी ऊब द्यायची, त्यांनीच वडिलांना बुचासारखं वर खेचलं. मुलीनं झेप घेऊन त्यांचा पाय धरला. तिच्या हातात त्यांच्या पायातला पोहायचा रबरी पंखा तेवढा राहिला.

नऊ दिवस ते दवाखान्यात होते. इतक्या झपाट्यानं वर आल्यामुळं रक्तात वायूचे बुडबुडे झाले, असं डॉक्टर म्हणाले. जीव वाचला. डावा पाय मात्र पूर्वीसारखा हलेना.

महिन्याभरानं मुलगी मोठी कात्री घेऊन गच्चीत आली. मी तिथं दोरीवर होतो. मागून वडील काठी टेकत आले.

"त्या बिचाऱ्यानं काय केलंय?"

"त्यानं नाही, मी केलंय!" ती ओरडली. "दुकानातच कळलं होतं मला, बाबा. चार बोटं आत गेली होती माझी. रोज लोकांना हेच शिकवते मी. पण उशीर होत होता, लोक हसत होते... म्हणून म्हटलं, चालेल."

वडिलांनी काठी कठड्याला टेकवली. मग म्हणाले, "मी पण खोटं बोललो. तीनदा. दात वाजत होते माझे. पण तू इतकी हरखली होतीस, म्हटलं, पोरीचा विरस नको."

"म्हणजे शेवटी माझ्यामुळंच ना?"

ते 'नाही' म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त तिच्या हातातली कात्री काढून घेतली.

त्या दोघांनी एकमेकांपाशी मन मोकळं केलं. माझं ऐकणारं तिथं कुणी नव्हतं, म्हणून हे तुमच्यापुढं मांडलं. सूट निवडायला याल तेव्हा माझ्यासारख्याच्या गोडव्याला भुलू नका. आणि आपल्या माणसाला 'चालेल' म्हणताना जरा थांबा.

आता रविवारी वडील धक्क्यावर येतात. दगड गार असतो, म्हणून मुलगी माझी घडी करून त्यांच्याखाली सारते आणि पाण्यात उतरते. वर आली की ओल्या अंगानंच खालच्या गमती सांगते. ते पोट धरून हसतात. मग उठायची वेळ होते. डावा पाय लगेच ऐकत नाही. त्याची वाट बघावी लागते. तेवढा वेळ ती हात पुढं करून उभी असते, आणि पाण्याकडे बघत राहते.