गच्चीवरची बैठी तपासणी

गच्चीवर सौर संच बसवण्यात मापसाहेबांचा फायदा दुहेरी होता. संच नीट चालला तर विजेचं बिल निम्म्याच्या खाली. नाही चालला तर मेहुणा जन्मभर मुठीत. कारण संच बसवणारा मेहुणाच होता, बायकोचा धाकटा भाऊ. अशा सौद्यात नुकसान कुठून शिरणार हे मापसाहेबांना कितीही शोधून सापडेना, आणि दुसऱ्याच्या सौद्यातलं नुकसान शोधण्यात तर त्यांची अख्खी नोकरी गेली होती.

एकतीस वर्षं ते वजनमापे निरीक्षक होते. निवृत्त झाले तरी गल्ली त्यांना मापसाहेबच म्हणायची. दूधवाला त्यांच्या दारात माप काठोकाठ भरून वर दोन थेंब सांडायचा. साहेबांना ते थेंब म्हणजे मानवंदना वाटायची. बायको म्हणायची, मानवंदना मला फडक्याने पुसावी लागते.

मेहुण्याचं मात्र सगळंच पणाला लागलं होतं. बारा वर्षं एका ठेकेदाराकडे तारा ओढून त्याने नुकताच स्वतःचा धंदा मांडला होता आणि पहिलं काम म्हणजे बहिणीचं घर. गल्लीतली आणखी दहा घरं संच बसवायला तयार होती, पण अट एकच: मापसाहेबांनी महिनाभर मोजावं आणि 'ठीक' म्हणावं. मग बयाणा. 'ठीक' मिळालं तर मेहुण्याच्या वर्षाची ददात मिटली. नाही मिळालं तर पुन्हा त्याच ठेकेदाराच्या दारात, आणि तो ठेकेदार निरोप देताना म्हणाला होता, जा बाबा, तुझी शिडी इथेच ठेवतो.

मेहुण्याने काम जीव ओतून केलं. सहा पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, बेताच्या उतारावर, एकमेकांना साखळीने जोडलेली. पॅनेलमधली वीज घरातल्या पंख्यादिव्यांना चालेल अशी करून देणारी पेटी, म्हणजे इन्व्हर्टर, जिन्याच्या माथ्यावर भिंतीला. खाली नवा मीटर: आपण बाहेरून घेतलेली वीजही मोजणारा आणि उरलेली बाहेर दिलेली वीजही मोजणारा. या मीटरवर मापसाहेब जाम खूश झाले. घेतलेलं आणि दिलेलं दोन्ही कबूल करणारं माप त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

मग मेहुण्याने दोघांना समोर बसवून समजावलं. कपडे धुण्याचं यंत्र, इस्त्री, पाण्याचा पंप ही जड कामं ऊन असताना उरका. आठवड्याला पॅनेलवरची धूळ पुसा. सावली पडू देऊ नका. साखळीतलं एक पॅनेल झाकलं तरी सगळ्या साखळीला मार बसतो. आणि बाहेरची वीज गेली की आपलीही बंद होणार, कारण आपण बॅटरी घेतलेली नाही. खांबावर कुणी दुरुस्ती करत असेल तर आपली वीज त्याच्या अंगात जाता कामा नये. एवढं पाळलं तर या दिवसांत चांगल्या उन्हाला बारा युनिट कुठे गेले नाहीत.

बायकोने सगळं ऐकलं. मापसाहेबांनी 'बारा' ऐकलं.

तरी सावलीचं त्यांनी मनावर घेतलं. टेप घेऊन त्यांनी टाकीची सावली मोजली, शेजारच्या झाडाची मोजली, कपड्यांची दोरी पंधरा फूट मागे हटवली. कठड्यावर बसणाऱ्या कावळ्यालाही दोनदा समज दिली.

पहिले तीन दिवस पेटीने बारा, सव्वाबारा, बारा असे आकडे दाखवले. चौथ्या दिवशी भर दुपारी शेजारचे निवृत्त बसचालक आले. मापसाहेब त्यांना सांगत होते की आता आपला सूर्याशी थेट व्यवहार, वीज मंडळ गेलं खड्ड्यात. आणि पंखा थांबला. गल्लीची वीज गेली होती. बसचालकांनी पंख्याकडे पाहिलं, खिडकीतल्या रणरणत्या उन्हाकडे पाहिलं आणि मग सावकाश मापसाहेबांकडे पाहिलं. बायको आतूनच म्हणाली की हे त्याने आधी सांगितलं होतं. पण ते ऐकलं कुणी होतं? मापसाहेबांनी वही काढली आणि मेहुण्याच्या नावावर पहिला गुन्हा नोंदवला.

पाचव्या दिवसापासून बैठी तपासणी सुरू झाली.

बैठी तपासणी ही मापसाहेबांची नोकरीतली खासियत. इतर निरीक्षक दुकानात यायचे, वजनं उचलून बघायचे, सही ठोकून जायचे. मापसाहेब दुकान उघडायच्या आधी पोचत, तराजूसमोर खुर्ची टाकत आणि संध्याकाळपर्यंत हलत नसत. त्यांचं म्हणणं, माणूस तासभर प्रामाणिक राहू शकतो, दिवसभर राहणं त्याच्या प्रकृतीला झेपत नाही. पॅनेलची प्रकृतीही याहून वेगळी असण्याचं कारण त्यांना दिसेना. त्यांनी खुर्ची गच्चीवर नेली. फळवाल्याकडून त्याची जुनी मोठी छत्री आणून खुर्चीमागे रोवली. आरोपीच्या नजरेला नजर देऊन बसायचं म्हणजे तोंड पॅनेलकडे, आणि सूर्य डोळ्यांत येऊ नये म्हणून पाठ त्याच्याकडे. अकरा ते तीन. दर अर्ध्या तासाला जिन्याच्या माथ्यावर जाऊन पेटीचा आकडा वहीत.

थंडीचे दिवस होते. सूर्य खालून खालून चालायचा आणि सावल्या लांब पडायच्या.

त्या दिवशी साडेनऊ युनिट झाले. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी पुन्हा साडेनऊ. मापसाहेबांना राग आला असं म्हणणं खोटं ठरेल. नोकरी सुटल्यापासून त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

मेहुण्याला बोलावणं गेलं. तो हातातलं काम टाकून भर दुपारी आला. आरोपीला कसलीही सबब मिळू नये म्हणून मापसाहेबांनी त्याची चाहूल लागताच छत्री मिटून जिन्यात ठेवली, खुर्ची आत ओढली आणि हाताची घडी घालून उभे राहिले. मेहुण्याने प्रत्येक जोड तपासला, प्रत्येक स्क्रू आवळला, पॅनेलं पुसून लख्ख केली. पेटीचा आकडा अगदी हवा तिथे होता. तो म्हणाला, भाऊजी, काहीच बिघाड नाही. तो गेला, खुर्ची आणि छत्री जागेवर आली आणि आकडा खाली बसला.

"पाहिलंस?" मापसाहेब बायकोला म्हणाले. "हा आला की बरोबर, गेला की कमी. दुकानदार असंच करायचे."

असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला मेहुण्याने चहासुद्धा घेतला नाही. दाराशी चपला घालताना बहिणीला एवढंच म्हणाला की ताई, भाऊजींनी 'ठीक' नाही म्हटलं तर नाही, पण ते चौघांत मला लबाड म्हणायला लागलेत. औषधांच्या दुकानातल्या बाई काल माझ्याशी बोलताना गल्ल्यावर हात ठेवून होत्या.

बायकोच्या काळजात ते रुतलं. घरचं बिल तिच्या पैशांच्या डब्यातून जायचं, तेव्हा वीज हा तिचाही प्रश्न होता. पण भाऊ त्याहून जास्त. महिना भरला होता, रविवारी अकरा वाजता दहा घरांची माणसं निकाल ऐकायला गच्चीवर जमणार होती. तिने वही उघडली. एकतीस वर्षं नवऱ्याचं अक्षर वाचल्यामुळे त्यातला तोरा बाजूला करून आकडे तेवढे वेचायची तिला सवय होती. चोवीस दिवस नऊ-साडेनऊ. अधेमधे तीन दिवस बारा. ते तीन दिवस कोणते? एक, साहेबांनी दाढ काढली तो. दुसरा, निवृत्तिवेतनाच्या कचेरीत रांग होती तो. तिसरा, पाठीत उसण भरून अंथरुणाला खिळले होते तो.

शनिवारी बारा वाजता ती ताक घेऊन वर गेली. नवरा छत्रीखाली ताठ बसला होता. छत्रीची गोल, घनदाट सावली त्याच्या डोक्यावरून पुढे पसरून खालच्या रांगेतल्या दोन पॅनेलांवर आरामात लोळत होती. बायकोने पेला त्याच्या हातात दिला आणि जिन्याच्या माथ्यावर जाऊन पेटीसमोर उभी राहिली.

"अहो, जरा छत्री मिटून इकडे या."

"कशाला?"

"या तर."

मापसाहेब कुरकुरत आले. पेटीवरचा आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर चढू लागला आणि दीड किलोवॅटवरून सव्वादोनला जाऊन थांबला. बायकोने जाऊन छत्री उघडली. आकडा उतरला. मिटली. चढला. चौथ्यांदा तिने छत्रीला हात घातला तेव्हा ते म्हणाले, पुरे.

त्यांनी पेटीची काच बाहीने पुसली. मग म्हणाले, ढग असेल.

बायकोने आभाळाकडे पाहिलंही नाही. "इतकी वर्षं लोकांचे अंगठे तराजूवर पकडलेत तुम्ही. हा कुणाचा आहे ते तुम्हीच ओळखा. मी कुणाला सांगणार नाही. उद्या काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

ती खाली गेली. मापसाहेबांनी ताक प्यायलं नाही. दुपारभर त्यांनी सुटकेचे रस्ते धुंडाळले. एक, नवीन यंत्र आहे, रुळायला महिना लागतो. दोन, धूळ. तीन, सरळ 'ठीक' म्हणावं आणि वही गहाळ झाली म्हणावं. तिसरा रस्ता सगळ्यांत सोपा होता, पण गहाळ वही हे कारण त्यांनी नोकरीत कुणाचंच मान्य केलं नव्हतं; एका किराणावाल्याला तर त्याबद्दल जादा दंड ठोकला होता. आता कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपणाला ते स्वच्छ दिसत होतं.

रविवारी गच्ची भरली. बसचालक होते, औषधवाल्या बाई होत्या, कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर होते, बाकीच्या घरांतलं कुणी ना कुणी होतं. मेहुणा कठड्याला टेकून उभा होता. त्याने पैशाच्या पावत्यांचं नवंकोरं पुस्तक खिशात आणलं होतं आणि ते दिसू नये म्हणून खिशावर हात ठेवला होता.

मापसाहेबांनी घसा खाकरला. चोवीस दिवस माप कमी भरलं, असं त्यांनी जाहीर केलं. मेहुण्याची मान खाली गेली. बायकोने पदर घट्ट धरला.

"गुन्हेगार सापडला आहे," मापसाहेब म्हणाले. "बसचालक, तुम्ही पेटीपाशी उभे राहा आणि आकडा मोठ्याने वाचा."

मग त्यांनी स्वतः छत्री उघडली, खुर्चीत बसले आणि बसचालकांनी, वाहकाने थांब्यांची नावं पुकारावीत तसा, उतरता आकडा पुकारला. छत्री मिटली, चढता पुकारला. तिसऱ्यांदा पुकारायची गरज पडली नाही. औषधवाल्या बाई तोंडावर हात धरून वळल्या. दातांचे डॉक्टर उघड हसले. दाढ काढून घेताना ज्याने दात-ओठ खाऊन त्यांना नीट कामाचे धडे दिले होते, त्याला असं पाहायची संधी रोज येत नाही.

"चोवीस दिवस, दिवसाला अडीच युनिट," मापसाहेब म्हणाले, "साठ युनिट मी बसून खाल्ले. संच ठीक आहे." आणि मेहुण्याकडे न बघता, "तूही ठीक आहेस."

"भाऊजी, मी सावलीचं सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. मी स्वतःला सावलीत धरलं नव्हतं."

तिथल्या तिथे पावत्यांचं पुस्तक बाहेर आलं. पण हसून झाल्यावर औषधवाल्या बाईंनी रास्त शंका काढली: आमच्या गच्चीवर कशाची सावली कुठे पडते ते आम्हाला काय ठाऊक? लोकांनी मेहुण्याकडे पाहिलं, मेहुण्याने भाऊजींकडे पाहिलं. तारा ओढायच्या, पॅनेलं चढवायची, आणि वर दिवस दिवस एकेका गच्चीवर बसून सावली मोजायची, एवढा वेळ त्याला कुठला? आणि नुसतं बसून राहण्यात गल्लीत एकाच माणसाचा हातखंडा होता.

तर पुढचा दीड महिना मापसाहेब रोज खुर्ची टाकून बसले, एकेका गच्चीवर चार-चार दिवस. बिनछत्रीचे, डोक्याला टॉवेल गुंडाळून, खडूने जमिनीवर दर तासाच्या सावलीची रेघ मारत. नऊ घरं त्यांनी पास केली. दातांच्या डॉक्टरांच्या गच्चीवर दोन्ही बाजूंच्या उंच इमारती आळीपाळीने सावली धरतात, तिथे पॅनेल लावणं म्हणजे कोठीत गहू पेरणं, असा शेरा मारून त्यांनी ते घर नापास केलं. डॉक्टर पैसे द्यायला तयार होते, मेहुणा घ्यायला तयार होता. मापसाहेब ऐकेनात. मेहुण्याने बहिणीपाशी डोकं धरलं. ती म्हणाली, 'ठीक' त्यांचं हवं होतं ना, मग 'नाही'पण त्यांचंच घे.

शेवटचा हिशेब असा. नऊ घरांनी पैसे मोजले आणि त्यांना बिलं उतरलेली दिसली. मेहुण्याची शिडी ठेकेदाराकडून घरी आली. त्याने मोजलं ते डॉक्टरांचं हुकलेलं एक काम. डॉक्टरांनी काही मोजलं नाही आणि त्यांना काही मिळालंही नाही. मापसाहेबांनी दीड महिन्याच्या दुपारच्या झोपा मोजल्या, उन्हाने सोललेलं नाकाचं साल मोजलं आणि साठ युनिटांचा दर लावून निघालेली रक्कम स्वतःच्या खिशातून बायकोच्या डब्यात टाकली. बायकोने ती पुन्हा एकदा मोजून घेतली. तिच्या वाट्याला वीज आली, भाऊ आला, अकरा ते तीन शांत घर आलं, आणि तिने काय दिलं म्हणाल, तर एक पेला ताक. तेही न पिता परत आलं होतं.