कौतिक पाटलांच्या नावाखाली

फोपनारच्या पाटलांनी कुळाची वंशावळ छापली आणि तिचा लांबलचक फ्लेक्स मांडवात टांगला. जो तो आपलं नाव शोधत होता, सापडलं की मोबाइलवर फोटो काढत होता. निर्मलाबाईंनी आधी वडिलांचं नाव शोधलं. ते सापडलं, आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. ‘कौतिक’ या नावाखाली फांदी संपली होती. तिथं लिहिलं होतं, ‘निर्वंश’.

कौतिक पाटलांची एकुलती एक मुलगी समोर धडधडीत उभी, आणि या शहाण्यांनी तिच्या बापाचा वंश बुडवून टाकला!

बरं, ही वंशावळ काय आभाळातून पडली होती? निर्मलाबाई बऱ्हाणपुरात मास्तरीण होत्या तेव्हा इंटरनेट कुठलं आलंय! जिल्ह्याची कचेरी खंडव्याला. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या गाडी पकडून तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये जात, जुन्या जमीन-बंदोबस्ताच्या कागदांचे बस्ते सोडत, धुळीनं शिंकून बेजार होत आणि मोडीतलं एकेक नाव लावत. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या त्यांनी पाहिल्या, गावोगाव जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या कोटवारांकडे खेटे घातले. तेव्हा हेच भाऊबंद फिदीफिदी हसायचे. लग्न करायचं सोडून मेलेल्यांच्या मागे लागली म्हणायचे. एकटे कौतिक पाटील, जिवंत होते तोवर, सोबत जायचे. कचेरीबाहेरच्या बाकावर दिवसभर बसायचे आणि लेक बाहेर आली की विचारायचे, “आज कोन भेटलं व माय?”

ते सगळे कागद त्यांनी चुलतभावाच्या मुलाला, ऋषिकेशला, विश्वासानं दिले होते. आता त्याला त्यांनी फ्लेक्सपाशी ओढत आणलं.

“हे काय लिहिलंस रे?”

“आत्या, वो तो रिवाज है ना. पोरीचं नाव सासरच्या वंशावळीत लागते.”

“मला सासर आहे का?”

ऋषिकेश गडबडला. “आता छपून गेलं ना, आत्या. पुढच्या टाइमले पाहू. आज तुमचा सत्कार है, मूड नका खराब करू.”

मूड म्हणे! तेवढ्यात माइकवरून पुकारा झाला, “आता कौतिक पाटलांच्या कन्या निर्मलाबाई यांचा सत्कार, कुळातले वडीलधारे सुकलालभाऊ यांच्या हस्ते!”

त्या स्टेजवर गेल्या. सुकलालभाऊंनी शाल उलगडली.

“थांबा, भाऊ. माझ्या बापाच्या नावाखाली काय लिहिलंय ते वाचा. मोठ्यानं वाचा.”

सुकलालभाऊंनी फ्लेक्सकडे पाहिलं आणि हातातली शाल खाली केली.

“ज्याला कोणी झालंच नाही, त्याची कन्या कुठून आणली तुम्ही? शाल घालता कोणाला?”

कोणीतरी घाईनं माइक बंद केला. उद्घाटनाची फीत कापलेली कात्री ताटातच पडली होती. निर्मलाबाईंनी ती उचलली, सरळ फ्लेक्सपाशी गेल्या आणि ‘कौतिक’ एवढं नाव कापून काढलं. ऋषिकेश “आत्या, आत्या” करत धावला, पण हात धरायची त्याची छाती झाली नाही.

खालचा शब्द त्यांनी तिथंच ठेवला. तो लिहिणाऱ्यांचा होता. मग नावाचा तुकडा नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि बापाला घेऊन त्या बऱ्हाणपूरच्या रिक्षात बसल्या.