राईची तालीम

दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते त्या दिवसांत चामोर्शीपासून वडशापर्यंत कुठेही जा, प्रफुल मोहुर्लेला ओळखणारं माणूस भेटतंच, आणि ते बहुधा त्याच्यावर चिडलेलं असतं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत तो कितीतरी वर्षं खलनायकाचं काम करतो. सुनेला छळणारा सासरा, भावाचा वाटा गिळणारा भाऊ, भर मांडवातून पोरगी पळवणारा ठेकेदार, असलंच सगळं त्याच्या वाट्याला येतं आणि तो ते जीव ओतून करतो. त्याची एंट्री आली की माइकवाला मुकाट्याने आवाज कमी करतो. एकदा तर आठवडी बाजारात एका बाईने त्याला वांगी द्यायला साफ नकार दिला होता, कारण आदल्या प्रयोगात त्याने आंधळ्या आईला घराबाहेर काढलं होतं.

घरी मात्र हा माणूस हळू बोलायचा. चामोर्शीच्या दोन खोल्यांच्या घराला पुढे पडवी होती आणि पडवीत पिंजरा. पिंजऱ्यात राई आणि जवस. राखाडी अंगाची, डोक्यावर पिवळा तुरा नि गालांवर केशरी टिकली असलेली ही जोडी प्रफुलने चंद्रपूरच्या दुकानातून आणली होती. दुकानदार त्यांना कॉकेटील म्हणायचा, शेजारीपाजारी ऑस्ट्रेलियाचे पोपट म्हणायचे. प्रफुलची बायको मयुरी ब्लाऊज शिवायच्या दुकानात जायच्या आधी पिंजऱ्यावरची चादर काढायची. चादर निघाली की जवस शीळ घालायचा, राई एकच उंच आवाज देऊन त्याला उत्तर द्यायची, आणि मग घरात चहा व्हायचा. हा क्रम इतका पक्का होता, की जवसने शीळ घातल्याशिवाय प्रफुलला आपण जागे झालो असं वाटायचंच नाही.

भाद्रपदातल्या एका सकाळी मयुरीने चादर काढली, तेव्हा जवस पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला होता. आदल्या दिवशी तो चांगला खात-पीत होता. प्रफुलला त्याला हात लावायचा धीर होईना. मग त्याने घाईघाईने त्याला रुमालात गुंडाळलं आणि परसात सीताफळाखाली पुरून टाकलं. राईला दिसायला नको, तिला दुःख होईल, एवढंच त्याच्या मनात होतं.

पण न दिसल्यामुळे राई त्याला शोधत राहिली. दाणापाण्याच्या वाटीमागे डोकावून यायची, जवसच्या दांडीवर जाऊन बसायची, पुन्हा आपल्या दांडीवर यायची. दर थोड्या वेळाने उंच आवाज द्यायची आणि मान वाकडी करून थांबायची. उत्तर आलं नाही की पुन्हा आवाज. दुसऱ्या दिवशी तिने दाण्याला चोच लावली नाही. मयुरीने बाजरी बदलली, तिच्या आवडीचा सांबार, म्हणजे ताजी कोथिंबीर, काड्यांसकट लावून दिली. राईने बघितलंही नाही. शेजारच्या कोणी तरी सांगितलं की आरसा लावा, तिला वाटेल दुसरा पोपट आहे. आरसा लावला, तर ती दिवसभर त्याच्याच समोर खिळून बसली, काचेवर चोच आपटत राहिली आणि जेवली नाही ते नाहीच. संध्याकाळी प्रफुलने पाहिलं, तर छातीवरची बारीक पिसं तिने स्वतःच उपटून टाकली होती आणि पिंजऱ्याखाली जमिनीवर पिसंच पिसं पसरली होती.

तेव्हा मयुरी म्हणाली, "अजी, आता घरगुती उपाय बास. उद्या दवाखान्यात घेऊन जा तिले."

जनावरांच्या दवाखान्यात सकाळी रांग होती. दोन बकऱ्या, एक वासरू, टोपलीत कोंबडा, आणि शेवटी गमछ्याने झाकलेला पिंजरा मांडीवर घेऊन प्रफुल. पुढे बकरी धरून बसलेली गुणाबाई नावाची एक म्हातारी मघापासून त्याच्याकडे वळून वळून बघत होती. तो कोण ते तिला एकदम आठवलं आणि तिने सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं त्याला फैलावर घेतलं. मागच्या मंडईत त्याने गरोदर सुनेला लाथ मारली होती, असं करताना हात-पाय झडले नाहीत का, घरी आईबहिणी नाहीत का, हे सगळं तिने विचारून घेतलं. प्रफुलला अशा बोलण्याची सवय होती. एरवी तो हसून हात जोडायचा, आणि हे आपल्या कामाचं बक्षीसच समजायचा. पण त्या दिवशी त्याचा धीरच सुटला. डोळे भरून आले आणि तो नुसता गमछ्याचं टोक चुरगाळत राहिला.

गुणाबाई गडबडली. बोलता बोलता थांबली आणि बकरीची दोरी ओढत जवळ येऊन हळूच म्हणाली, "काऊन रे बापा, काय झालं? त्याच्यात काय हाय?"

त्याने गमछा बाजूला करून राई दाखवली आणि सगळं सांगितलं. म्हातारीने पिंजऱ्यात वाकून पाहिलं, जीभ चुकचुकवली आणि डॉक्टरला सांगून आपला नंबर त्याला देऊन टाकला.

डॉक्टर निशा मडावींनी आधीच सांगितलं की आपला हात गाई-म्हशींवर बसलेला आहे. नागपूरला त्यांच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण फक्त पाखरांचंच बघायची. तिला त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दोघींनी मिळून राईची विष्ठा, नाक, डोळे, वजन असं सगळं विचारून, बघून घेतलं. जवस ज्या आजाराने गेला तो हिलाही नसेल ना, ही पहिली शंका होती, ती त्यांनी काढून टाकली. राई आजारी नव्हती. आरसा आजच काढा, असं त्यांनी सांगितलं. लगेच दुसरं पाखरू आणू नका, ती आत्ता त्याला जवळ करणार नाही. चादर काढायची, दाणा द्यायची वेळ रोजची तीच ठेवा, पिंजरा जिथे माणसं वावरतात तिथे ठेवा, हाताने भरवून बघा, राळा, म्हणजे ते बारीक पिवळं धान्य, कणसासकट मिळाला तर उत्तम. दोन दिवसांत खाल्लं नाही तर परत या. जवसला तिला थोडा वेळ बघू दिलं असतं तर बरं झालं असतं, हेही त्या म्हणाल्या. प्रफुलचा चेहरा पडला, तेव्हा त्यांनी समजावलं की बहुतेक लोक असंच करतात.

शेवटी त्या म्हणाल्या, "ती आवाज देऊन राह्यली आणि कोणी उत्तर देत नाई. तुम्ही उत्तर द्या, बस."

बाहेर गुणाबाई थांबलीच होती. राळ्याचं ऐकून तिने सांगितलं की आपल्या बांधावर थोडा लावलेला आहे, उद्या दूध घेऊन येणाऱ्या नातवाच्या हाती पाठवते.

आता उत्तर द्यायचं म्हणजे शीळ घालायची. आणि इथेच घोडं अडलं. ज्याच्या आवाजाने मांडव हादरायचा त्या प्रफुलला शीळ येत नव्हती. तलवारबाजीच्या एका प्रसंगात त्याचा पुढचा दात गेला होता, नंतर बसवलेल्या दाताच्या फटीतून नुसतं वारं जायचं. राईने हाक दिली, त्याने ओठांचा चंबू केला, फुस्स आवाज आला. राईने पाठ फिरवली. स्वयंपाकघरातून हे ऐकत असलेली मयुरी बाहेर आली, पदराला हात पुसले आणि अशी खणखणीत शीळ घातली की समोरच्या घरातला माणूस खिडकीत आला. माहेरी धानाच्या बांधीवरची पाखरं हाकलताना ती शिकली होती, पण लग्न झाल्यापासून तिने कधी शीळ घातली नव्हती. प्रफुल तिच्याकडे बघतच राहिला. राईने तुरा ताठ केला आणि उत्तर दिलं.

पण मयुरीला दुकान होतं. दसरा-दिवाळीच्या ऑर्डरी अंगावर होत्या. ती गेली की घर सुनं, आणि प्रफुलला दुपारी तालमीला जावं लागे, दिवाळीनंतर प्रयोग सुरू व्हायचे होते. दुसऱ्या दुपारी त्याने सरळ पिंजरा मोटरसायकलच्या टाकीवर ठेवला, गुणाबाईने पाठवलेली राळ्याची कणसं डिक्कीत टाकली आणि तालमीच्या सभागृहात जाऊन उभा राहिला.

दिग्दर्शक धनराजभाऊंनी पिंजऱ्याकडे पाहिलं, प्रफुलकडे पाहिलं, आणि बजावलं की ऐन प्रसंगात ही ओरडली तर दोघांनाही बाहेर काढीन. प्रफुलने पिंजरा ऑर्गनच्या बाजूच्या टेबलावर ठेवला. तालीम सुरू झाली आणि पहिल्याच प्रसंगात, नायिका बापाच्या पाया पडत असताना, राईने हाक दिली.

सगळ्यांच्या माना टेबलाकडे वळल्या. धनराजभाऊ काही बोलणार, तेवढ्यात ऑर्गनवर बसलेल्या लटारूभाऊंनी मान न वळवता दोन सूर दाबले, तिच्याच हाकेइतके उंच. राईने मान वाकडी केली. पुन्हा हाक दिली. लटारूभाऊंनी पुन्हा तेच दोन सूर दिले. ती शांत झाली आणि पिंजऱ्याच्या त्या बाजूला सरकून बसली. लटारूभाऊ एवढंच म्हणाले की सुरात आहे पोरगी, राहू द्या.

मग तसंच चालू लागलं. ती हाक द्यायची, लटारूभाऊ दोन सूर द्यायचे, तालीम थांबायची नाही. प्रफुल आपला गडगडाटी हास्याचा प्रसंग करू लागला की ती पुढच्या जाळीशी येऊन चिकटायची. त्या हसण्याने प्रयोगात पोरंटोरं रडायची, ही मात्र तुरा फुलवून ऐकायची. मधल्या सुट्टीत नायिकेचं काम करणारी दिव्यानी राळ्याचं कणीस जाळीतून आत धरून बसायची. राई कणसाला चोच लावायची, एखादा दाणा फोडायची आणि सोडून द्यायची. तालमीच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दिलेली मुदत संपत होती, आणि प्रफुल उद्या सकाळी पुन्हा दवाखान्यात जायचं मनात धरून होता.

त्या दिवशी तालमीत सासऱ्याचा मोठा प्रसंग होता. उपाशी सून पहिला घास तोंडाशी नेते आणि सासरा तिचं ताट उडवून देतो. प्रफुल पेटलेला होता. दिव्यानीच्या समोर ताट होतं. त्याने पाय आपटला, हात वर उचलला, आणि गर्जना केली, "या घरात अन्नाचा एक कणसुद्धा तुझ्या पोटात..."

आणि तो तिथेच थांबला. हात वरच राहिला. प्रॉम्प्टरला वाटलं वाक्य विसरला, त्याने पुढचे शब्द दिले. प्रफुलने ऐकलेच नाहीत. धनराजभाऊ ओरडले. प्रफुलने वर उचललेला हात हळूहळू खाली आणला, बोट ओठांवर ठेवलं आणि कुजबुजल्यासारखं म्हणाला, "थांबा. खाऊन राह्यली ते."

जाळीत खोचलेल्या कणसावर राई तुटून पडली होती. एका पायाने कणीस दाबून धरून ती टरफलं उडवत होती, टेबलावर, ऑर्गनच्या पट्ट्यांवर, लटारूभाऊंच्या टोपीवर. सासरा, सून, नायक, प्रॉम्प्टर असे सगळे टेबलाभोवती वाकून उभे राहिले. कणीस संपवून ती पाण्यावर गेली, तेव्हा प्रफुलने मयुरीला फोन केला. मयुरीने दुकानात गिऱ्हाइकासमोरच शीळ घातली. ती फोनवरून राईला ऐकू गेली की नाही कोण जाणे, पण राईने हाक दिली खरी.

धनराजभाऊंनी चहा मागवला. चहानंतर तोच प्रसंग पुन्हा घेतला, पण प्रफुलच्या आवाजात त्या दिवशी दुष्टपणा काही उतरला नाही.

हळूहळू राईच्या छातीवर नवी पिसं आली. प्रयोग सुरू झाले, नाटकाच्या गाडीबरोबर राईला न्यायचं कोणाला पटलं नाही, म्हणून ती मयुरीबरोबर दुकानात जाऊ लागली आणि शिलाई मशीनच्या खडखडाटात कापडाचे तुकडे ओढत बसू लागली. बायका ब्लाऊजचं माप द्यायला येत आणि तिला सांबार भरवून जात. मध्येच कधी ती जवसच्या दांडीवर जाऊन गप्प बसायची. तेव्हा मयुरी मशीन थांबवायची आणि स्टूल तिच्या पिंजऱ्याजवळ ओढून घ्यायची.

संक्रांत झाल्यावर डॉक्टर निशांनीच विचारलं की आता जोडीदाराचं काय. चंद्रपूरच्या एका कुटुंबाकडे पिल्लं झाली होती, त्यातला एक तरणा नर प्रफुल घेऊन आला. आधी तो आतल्या खोलीत वेगळ्या पिंजऱ्यात राहिला, आजारपण नाही ना याची खात्री होईपर्यंत. मग दोन्ही पिंजरे पडवीत शेजारी आले. लटारूभाऊंनी त्याचं नाव मोहर ठेवलं. राईने पहिले काही दिवस त्याच्याकडे पाठच केली. नंतर जाळीतून त्याच्या शेपटीला चोच मारली. प्रफुल काळजीत पडला, मयुरीने सांगितलं की ओळख अशीच होते.

एका रविवारी दोघांना एका पिंजऱ्यात सोडलं. राईने त्याला प्रत्येक दांडीवरून हाकललं, दाण्याच्या वाटीशी येऊ दिलं नाही. बिचारा मोहर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून उभा. प्रफुल आणि मयुरी चहाचे कप हातात घेऊन समोर बसून होते, चहा निवून गेला होता. बऱ्याच वेळाने कंटाळून मोहरने एक अर्धवट, बेसूर शीळ घातली. राई थांबली. तुरा वर गेला. मग तिने उत्तर दिलं आणि सरकत सरकत जाऊन, आपलं डोकं खाजवून दे म्हणून, त्याच्यापुढे मान वाकवली.

प्रफुलने खिशातून फोन काढला. मयुरी म्हणाली, "अजी, आज रविवार हाय. डॉक्टर मॅडम जेवत असतीन."

"मंग जेवता जेवता ऐकतीन," प्रफुल म्हणाला आणि त्याने फोन लावून पिंजऱ्याजवळ धरला.