तीन भोकांचं चाडं

मित्रांनो, मी एक जुनं चाडं आहे. हसू नका! बैलांनी ओढायच्या पेरणीच्या तिफणीवर बसवलेली वाटीएवढी लाकडी कुंडी म्हणजे मी. पेरणारी बाई माझ्यात मुठीनं बी सोडते. ते माझ्या तीन भोकांतून तीन नळ्यांत उतरतं आणि जमिनीत जातं. असा मी अग्निबाणांच्या नकाशांशेजारी टेबलावर कसा आलो, ते ऐका.

केदारखेड्याच्या सुतारानं मला बाभळीच्या लाकडातून कोरलं. माझी मालकीण गोजरबाई. चाड्यावर मूठ धरावी तर तिनंच, असं सगळं गाव म्हणायचं, आणि मी उगाच फुगायचो. सांज झाली की ती मला बांधावर ठेवायची. पहिली चांदणी दिसायची. वाटायचं, तिथंही कुणी पेरत असेल का?

तिचा मुलगा धर्मराज इंजिनिअर झाला होता. दूर दक्षिणेला, समुद्रकाठी, अग्निबाण उडवायच्या प्रकल्पाचा तो प्रमुख. शंभर माणसांची कामं जुळवायची आणि शेवटी ‘सोडा’ म्हणायचं, हे त्याचं काम. बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पुढच्या वर्षी शाळू ज्वारीच्या पेरणीला तो घरी आला. चेहरा पार उतरलेला.

तिफण धर्मराजचे कडूबामामा हाकत होते. धर्मराजनं हौसेनं मूठ धरली, पण ध्यान भलतीकडे. थोड्या वेळानं माझ्या मधल्या भोकाशी दाणे साचू लागले. खाली नळीत माती बसली होती. मला कळत होतं, पण लाकडाला तोंड कुठं?

“कडूबा, थांबव बैलं!” गोजरबाई ओरडली. “आरं धर्मा, मधली नळी तुंबून राह्यली, दिसंना का तुला?”

धर्मराज मटकन ढेकळांवर बसला. “आई, असंच झालं तिकडं. इंधनाच्या मापाचा एक काटा अडकलेला दिसला होता मला. पण मोठी माणसं खोळंबली होती. थांबा म्हणायची लाज वाटली. अग्निबाण समुद्रात पडला. आता नोकरी सोडून राह्यलो. राजीनामा खिशात हाये.”

गोजरबाईनं काडीनं नळी मोकळी केली. दुष्काळातून पोटाला चिमटा घेऊन राखलेलं ते बी होतं.

“थांबायची कसली लाज? बी न पडलेलं रितं तास बाकीचं उगवल्यावर दिसतं, मंग काई इलाज न्हाई,” ती म्हणाली. “अन् एक नळी तुंबली म्हून पेरणी सोडती का मी? धर मूठ.”

त्यानं मूठ धरली. तो नोकरीवर परत जाताना तिनंच मला त्याच्या पिशवीत घातलं. शेत सुटलं म्हणून मला फार वाईट वाटलं.

दोन वर्षं मी या टेबलावर राहिलो. मग तो दिवस आला. हाही अग्निबाण पडला असता तर प्रकल्पच गुंडाळणार होते. उलटी गणती चालू होती, बाहेर पाहुणे बसले होते. धर्मराजनं मला सोबत नेलं होतं. इंधनाच्या तीन नळ्यांचे तीन काटे समोर होते. मधला किंचित मागं राहिला. त्याचं बोट माझ्या मधल्या भोकावर आलं.

“थांबवा,” तो म्हणाला.

साहेब चिडले, पाहुणे उठून गेले. नळी उघडली, तर आत रबराचा एवढासा तुकडा अडकलेला. दुसऱ्या दिवशी अग्निबाण सुटला तो सरळ निळ्या आभाळात, माझ्या चांदणीच्या दिशेनं. निदान मला तसंच वाटलं.

तिथंच धर्मराजनं आईला कार्ड लिहिलं, “आई, तिन्ही नळ्यांतून बराबर पडलं.”

आता गोजरबाई नाही. धर्मराजकडे नवनवे प्रकल्प येतात, आणि माझ्यात कुणी टाचण्या टाकतं, कुणी पेन्सिलींचे तुकडे. टाका बापडे. पण मित्रांनो, रोज संध्याकाळी तो मला रिकामं करतो आणि काडी घेऊन तिन्ही भोकं साफ करतो. तो निवृत्त झाला की तेवढं काम तुम्ही कराल ना?