काठीला टांगलेली डबी

वादळात घाटाच्या फाटकाशी गाड्या जमल्या की मी प्रत्येक गाडीच्या काचेवर टकटक करते. प्रश्न ठरलेले. तेल किंवा चार्ज पुरेसा आहे का? लोकरीचे कपडे हाताशी आहेत का? लघवीला जाऊन आलात का? मग सूचना: पुढच्या गाडीचे दिवे सोडायचे नाहीत, कुणाला ओलांडायचं नाही, मध्येच थांबायचं नाही. एकवीस वर्षं मी बर्फ ढकलणारा ट्रक चालवतेय. पुढे मी, मागे गाड्यांची रांग, आणि सगळ्यात शेवटी पिवळा दिवा लावून गुडब्रांड. पलीकडे उतरेपर्यंत रांगेतला प्रत्येक जीव माझ्या जबाबदारीवर असतो.

ईस्टरच्या आधीचा बुधवार होता. दुपारचे बारा. रांगेत नऊ गाड्या, त्यातली पाचवी म्हणजे किनाऱ्यावरून मासे नेणारा बिनचालकाचा ट्रक. सवयीने मी त्याच्याही दारावर टकटक केली.

मागून गुडब्रांड ओरडला, "काय म्हणाला गं, ओड्नी? जाऊन आला का?"

"तुझ्यापेक्षा शहाणा आहे. दर दहा मिनिटांनी जावं लागत नाही त्याला."

"आंधळ्याच्या हातात चाळीस टन दिलेत आणि वर शहाणा म्हणे!"

आंधळा हे मात्र खरं. वाऱ्याने बर्फ उडायला लागला की त्याच्या सगळ्या कॅमेऱ्यांना नुसतं पांढरं दिसतं. तेव्हा तो ऐकून चालतो. मी कुठे आहे, किती वेगात आहे, ब्रेक दाबला का, वळण कुठे आलं, हे माझा ट्रक सेकंदाला दहा वेळा हवेत सांगत असतो. नव्या गाड्याही तसंच सांगतात. जुन्या गाड्यांना ती सोय नाही, म्हणून फाटकाच्या खोलीत नारिंगी डब्या ठेवल्यात, मुठीएवढ्या. गाडीत ठेवायची, पलीकडच्या फाटकावर परत करायची. डबी बोलते आणि मासेवाला ट्रक तेवढं अंतर राखतो. वादळात ऐकायला कुणी पुढे नसेल तर त्याने हलायचंच नाही, असा नियम आहे.

सहाव्या गाडीत हालवोर होता आणि शेजारी त्याची बहीण तोरहिल्ड. आमच्या खालच्या गावात ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. चेहरा पिवळट, सुजलेला. मांडीवर लहानशी बॅग.

"लघवीला जाऊन आलीस का?" मी विचारलं आणि जीभ चावली.

तोरहिल्ड हसली. "मला विचारतेस? दोन वर्षांत थेंब नाही, ओड्नी. तुझ्या रांगेत माझ्याइतकं सोयीचं माणूस नाही मिळायचं."

हालवोरने काच आणखी खाली केली. "सकाळी फोन आला. मूत्रपिंड मिळालंय. सहापर्यंत राजधानीत दवाखान्यात पोचायचंय. विमानं रद्द, हेलिकॉप्टर उडत नाही. पोचलो नाही तर यादीतल्या पुढच्या माणसाला देणार."

"घाटाला दीड तास," मी म्हणाले. "पुढे साडेतीन. पोचाल."

"एक तास हातात आहे," तोरहिल्ड म्हणाली. "भावाने तीनदा हिशेब केलाय. चौथ्यांदा करायला लावू नकोस त्याला."

त्यांच्याशी बोलण्यात माझा वेळ गेला आणि परत पुढे जाताना चौथ्या गाडीला मी नुसता हात केला. जुनी निळी गाडी, आत ओस्मुंड, आमचा दातांचा डॉक्टर. माझ्या अर्ध्या दाढा त्यानेच भरल्यात. मघाशी मी टकटक करत आले तेव्हा तो डबी आणायला खोलीत गेला होता. त्याला काय विचारायचं? छतावर स्की बांधलेल्या दिसत होत्या, मागच्या सीटवर संत्र्यांची जाळी. ते पाहूनही माझ्या डोक्यात आलं नाही की हा पलीकडे जात नाहीये, वाटेतल्या आपल्या लाकडी घरी सुट्टीला निघालाय. मध्येच वळणाऱ्या गाडीने रांगेत शेवटी, गुडब्रांडच्या डोळ्यांसमोर राहायचं असतं. मी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

माथ्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. दोन्ही बाजूंना रोवलेल्या काठ्या एकेक करून समोर येत आणि जात. पाऊण तास झाला असेल, तर माझ्यासमोरच्या पडद्यावर पाचव्या गाडीचा ठिपका थांबला. त्याच्यापुढे चौथा. दोन्ही जागच्या जागी.

शहरातून सिवर्टचा आवाज आला. एका खोलीत बसून तो असल्या बारा ट्रकांवर लक्ष ठेवतो. "ओड्नी, माझ्या ट्रकपुढे बारा मीटरवर गाडी उभी आहे. निळी, डबीवाली. फोन उचलत नाही."

"ओस्मुंड? त्याला काय झालं?"

"माहीत नाही. ट्रकला दिसत नाहीये, फक्त ऐकू येतंय. आत माणूस असेल तर मी त्याला पुढे काढणार नाही. कुणीतरी डोळ्यांनी बघून सांगा."

साठीचा माणूस, हृदय बंद पडलं असेल तर? आणि ट्रकच्या मागे तोरहिल्ड. एवढ्याशा रस्त्यावर ट्रकला वळसा घालायला जागा नाही. त्या वाऱ्यात उभ्या गाडीभोवती वीस मिनिटांत बोनेटपर्यंत बर्फ साचतो. चाळीस टन एकदा रुतले की खालून यंत्र मागवायचं, म्हणजे तीन तास. तिच्याकडे एकच होता. मला वळताही येईना. माझ्यामागे तीन गाड्या होत्या, त्यांना दोन किलोमीटरवरच्या खानावळीपर्यंत सोडल्याशिवाय इलाज नव्हता.

"गुडब्रांड, तुला चालत जावं लागेल."

"निघालोच आहे," तो म्हणाला. त्याचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरतो.

एकेका गाडीला हात लावत तो पुढे गेला. रेडिओवर त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. ट्रक ओलांडला. मग अशी शिवी आली की ती मी इथे लिहिणार नाही.

"गाडी नाहीये, ओड्नी! काठीला डबी टांगलीय. प्लॅस्टिकच्या पिशवीत. चिठ्ठीसुद्धा आहे. ऐक. 'डबीबद्दल आभार. पलीकडे यायला जमणार नाही, म्हणून इथे ठेवतोय, म्हणजे सापडेल. गाडी बाजूच्या जागेत लावलीय, स्कीवर घरी पोचतो. ईस्टरच्या शुभेच्छा. ओस्मुंड.' आणि एक संत्रं ठेवलंय!"

दुसरा कुणी असता तर डबी खिशात टाकून विसरून गेला असता आणि काही बिघडलं नसतं. आमचा ओस्मुंड उसनी वस्तू घरी नेणार नाही. रस्त्याच्या कडेला, सगळ्यांना दिसेल अशी, वाऱ्याने उडू नये म्हणून दोन गाठी मारून ठेवणार. आणि ती डबी इमानेइतबारे त्या आंधळ्याला सांगत राहिली: मी गाडी आहे, मी उभी आहे, मी गाडी आहे.

"बंद कर ती," मी म्हणाले.

"बंद करू नकोस!" सिवर्ट मध्येच बोलला. "ओड्नी टेकडीपलीकडे गेलीय, तिचं काही ऐकू येत नाही ट्रकला. पुढे कुणीच नसेल तर तो हलणार नाही. गुडब्रांड, डबी हातात घेऊन पुढे चाल. तो तुझ्यामागे येईल."

"काय?"

"तू म्हणजे गाडी. त्याच्या हिशेबाने."

"चाळीस टन माझ्या पाठीवर सोडतोस आणि सांगतोस चाल? बसलायस कुठे तू, कॉफी पीत?"

"हो, कॉफी पीतच. पण मी बघतोय. बारा मीटर म्हणजे बारा मीटरच राहील. तू थांबलास की तो थांबेल."

एव्हाना मी तीन गाड्या खानावळीशी सोडून ट्रक वळवत होते, आणि खरं सांगते, मला भीती वाटत होती. त्याच्यासाठी, तोरहिल्डसाठी, आणि माझ्यासाठीही, कारण टकटक मीच चुकवली होती.

मग गुडब्रांडचा आवाज आला. "मागे किती गाड्या आहेत त्याच्या?"

"चार," मी म्हणाले. "पहिली तोरहिल्डची."

"हं," तो म्हणाला. "चल रे, आंधळ्या."

सहाशे मीटर चालला तो. एका काठीपासून दुसऱ्या काठीपर्यंत, डबी छातीशी धरून, मान खाली घालून. मी समोरून बर्फ ढकलत येत होते, मलाही तो दिसत नव्हता. पण पडद्यावर चौथा ठिपका माणसाच्या चालीने सरकत होता. ऐंशी मीटर उरले तेव्हा मी ब्रेक दाबला. आधी त्याचं नारिंगी जाकीट दिसलं, मग त्याच्यामागे घरापेक्षा उंच ट्रकचे दिवे, आणि ट्रकच्या मागे एक, दोन, तीन, चार.

दार उघडून त्याला आत घेतला. भुवयांवर बर्फ, ओठ निळे.

"एकदा मुद्दाम थांबून पाहिलं," तो म्हणाला. "थांबला बेटा." मग त्याने खिशातून संत्रं काढलं आणि सोलता येईना म्हणून माझ्याकडे दिलं.

मागे मागे जात रुंद जागा गाठून मी ट्रक वळवला आणि सगळे माझ्यामागे लागले, खानावळीशी थांबलेल्या तीन गाड्याही. गुडब्रांडची गाडी दुसऱ्या फेरीत आणली. पलीकडच्या फाटकावर अडीच वाजायला चार मिनिटं होती. हालवोर थांबलाच नाही, नुसती दिव्यांची उघडझाप करून गेला. पोचले की नाही, ते त्या दिवशी कळलं नाही.

ओस्मुंड सोमवारी केक घेऊन आला. त्याला सगळं कळलं होतं. मान खाली घालून उभा राहिला. गुडब्रांडने त्याला अर्धा तास झापला आणि केक संपवला. माझा वाटा मला माहीत होता. आता मी सगळ्यांना चौथा प्रश्नही विचारते: पलीकडे जाताय ना?

त्याच संध्याकाळी माझ्या फोनवर तोरहिल्डचा निरोप आला. दवाखान्यातून, दोनच ओळींचा. मी तो गुडब्रांडला मोठ्याने वाचून दाखवला, आणि तो उठून खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिला.

"गुडब्रांडला सांग, आज सकाळी झाली. पुढच्या वेळी मला लघवीचा प्रश्न जरूर विचार."