डब्याच्या नऊ पिशव्या

उद्योजकतेचा तास शाळेत कुणालाच नको होता, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. बावीस वर्षं मी शिवण शिकवते. आयुष्यात एक रुमालही विकलेला नाही. पण शिकवायचंच म्हटल्यावर मी दोन नियम केले. पहिला, माल अनोळखी माणसालाच विकायचा. दुसरा, आठ दिवसांनी त्या गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन विचारायचं, "यात खोट काय आहे?" वर तोऱ्यात सांगितलं, की नुसतं कौतुक ऐकून परत आलात तर मार्क नाहीत.

मग एका शनिवारी शाळेच्या फाटकाबाहेर मुलांचा बाजार भरला. नववीतली एक मुलगी शेवटच्या टेबलामागे उभी होती. सतत स्वतःशी बोलते म्हणून वर्ग तिला पुटपुटी म्हणतो. तिने डब्याच्या नऊ पिशव्या शिवल्या होत्या. तिची आई कपडे शिवते. घरात दोन मशिनी, त्यातली दुसरी विकायला काढलेली. आईने बजावलं होतं, "परक्या माणसांनी तुझ्या पिशव्या घेतल्या तर मशीन तुझी. नाहीतर ती जाणार."

दुपारपर्यंत एकही पिशवी हलली नाही. शेजारचा साबणवाला पोरगा ओरडून ओरडून टेबल रिकामं करून बसला आणि ही आपली ओठातल्या ओठात पुटपुटत उभी. माझ्या पायाला भिंगरी लागली. फाटकापर्यंत जायचं, परत यायचं, उगाच सरळ टेबलं सरळ करायची. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, बसा जरा, तुमच्याकडे बघून मला घेरी येतेय." मी बसले आणि लगेच उठले. शेवटी जिन्याखाली जाऊन नणंदेला फोन लावला.

"वहिनी, नऊ पिशव्यांचं मी काय करू? घरात डबा नेणारं माणूस एक."

"काहीही कर. पण आत्ता ये, आणि मला ओळख दाखवू नकोस."

नणंद आली, नऊच्या नऊ घेऊन गेली. पोरीने नियमाप्रमाणे तिचा पत्ता लिहून घेतला, तोही माझ्यादेखत. पण तिचा चेहरा असा फुलला होता, की माझ्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही. आठ दिवसांनी गिऱ्हाइकाच्या दारात जायचा माझाच नियम मी साफ विसरले. आईने मशीन घ्यायला आलेल्या माणसाला परत पाठवलं, हे कळल्यावर तर मला घरभर नाचावंसं वाटलं.

आठ दिवस उलटल्यावरच्या गुरुवारी शिवणवर्ग उघडायला गेले, तर ती आधीच दारात. हातात गाठोडं.

"बाई, तुमच्या नणंदेकडे जाऊन आले."

मी कुलूप काढायचं सोडून तिच्याकडे वळले.

"पिशव्या कपाटावर तशाच होत्या. गाठोड्याची गाठसुद्धा सोडली नव्हती. मी विचारलं, खोट काय आहे? त्या म्हणाल्या, छान आहेत. चारदा विचारलं, चारदा छान. मग त्याच रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, वहिनीने पाठवलं होतं गं मला." आज ती पुटपुटत नव्हती. एकेक शब्द लख्ख ऐकू येत होता. "त्यांचे पैसे परत देऊन पिशव्या आणल्या. आईलाही सांगितलं सगळं. ती म्हणाली, शनिवारपर्यंत खरं गिऱ्हाईक आण. रविवारी तो माणूस मशीन न्यायला येतोय."

"अगं, तुझ्याकडे बघवत नव्हतं मला. तुझ्या भल्यासाठीच केलं."

"मला नावं ठेवणारं माणूस हवं होतं, बाई."

मला लाज वाटली आणि स्वतःचाच संताप आला. गाठोड्यातली एक पिशवी ओढून मी माझा डबा आत ठेवला.

"तळ अरुंद आहे. डबा कलंडतो. आतलं सांडणार आणि शेजारचे कागद भिजणार. पैसे देऊन हे कोण घेईल?"

तिने पेन्सिल काढून लिहून घेतलं. मग मान वर केली.

"हे तुम्हाला बाजाराच्या दिवशीच दिसलं होतं?"

"हो."

"मी वर्गात शिवत होते तेव्हा?"

"तेव्हाही."

ती कात्री घेऊन बाकावर बसली आणि पहिल्या पिशवीचा तळ उसवायला लागली. मी दाराकडे गेले, परत आले. मग मीही तिच्या शेजारी बसले, एक पिशवी ओढली आणि टाका उचलला. तिने ती माझ्या हातातून हळूच काढून घेतली आणि आपल्या मांडीवर ठेवली.