रेडा मागं येत नाही

"मधी घ्या रं, मधी घ्या. कड आली, सोडा, मधी घ्या."

आबांचा हा आवाज माझ्या कानात पडला तेव्हा मी आईच्या कडेवर होते. निमगाव सावाची जत्रा, हलगी तापलेली, लाल माती कमरेपर्यंत उडालेली. झोंबता झोंबता दोन पैलवान कडेच्या माणसांत घुसायला लागले, की पंच म्हणून उभे असलेले आबा, माझे वडील, पुढं व्हायचे. दोन्ही तळवे पसरून त्या दोघांना सोडवायचे आणि अलगद आखाड्याच्या मध्यावर आणायचे. तिथून कुस्ती पुन्हा सुरू.

पुढं त्या मातीत मीही उतरले. अंगानं काटकुळी, पण भिडायची. लांबून चकवणं मला कधी जमलं नाही. अंगाला अंग लागलं की मगच माझा श्वास शांत व्हायचा. मग एका जत्रेला आबा म्हणाले, बास आता. का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या घरात आबा गप्प बसले की त्या गप्प बसण्याचं दार कुणी वाजवत नाही.

माती सुटली, भिडणं सुटलं नाही. जुन्नरला कॉलेजात आले आणि ते मला राजरत्नदादाच्या दुकानात सापडलं. दादा माझा चुलतभाऊ. बसस्टँडच्या मागं त्याचं गेमचं दुकान. मारामारीच्या गेममध्ये दोघं समोरासमोर उभे राहतात आणि ज्याची लाइफ आधी संपते तो राउंड हरतो. बाकीचे सगळे लांबून आगीचे गोळे फेकणारे गडी घेतात. मी घेते रुंद खांद्यांचा एक पैलवान. त्याला काही फेकता येत नाही, उडता येत नाही. मार खात पुढं जायचं, आणि हात पोचला की उचलून आपटायचं, एवढंच त्याला येतं. दुकानातली पोरं त्याला रेडा म्हणतात, आणि ते कौतुकानं नाही. मला मात्र त्याची चाल बघितली की ओल्या रानात नांगर धरल्यासारखं वाटतं. घाई नाही आणि माघारही नाही.

पुण्याच्या स्पर्धेला दादाची टीम जाणार होती आणि एक जागा रिकामी होती. दादाचं म्हणणं, जागा तुझीच, पण रेडा सोड, गोळेवाला घे. मी म्हटलं, रेड्यावरच जाईन. शेवटी ठरलं ते असं: मंचरच्या स्वराजला रेड्यानं हरवलं तर रेड्यावर जायचं. हरले, तर निमूट गोळेवाला घ्यायचा.

स्वराज गोळे फेकण्यात आंबेगाव तालुक्यात नावाजलेला. खुर्चीत बसता बसताच म्हणाला, "ताई, रेडा बेल्ह्याच्या बाजारात न्यायचा. इथं कशाला आणला?"

"बाजारात जवळ येऊन दात बघावं लागतात, भाऊ," मी म्हटलं. "तुला जमंल का?"

पोरं हसली. तेवढ्यात दारातून आबा आत आले. जनावरांचा टेम्पो बेल्ह्याला रिकामा करून ते मला घरी न्यायला आले होते. खेळताना त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं. ते बाजूच्या खुर्चीवर टेकले.

पहिला राउंड सुरू झाला. एक गोळा हातावर घेतला, एक गोळा खांद्यावर घेतला, एक वाकून डोक्यावरून जाऊ दिला. रेडा चालत राहिला. स्वराज मागं सरकत सरकत पडद्याच्या कडेला टेकला. मी पकडलं, आपटलं. त्याची लाइफ अर्ध्याखाली आली, आणि माझा रेडा दोन पावलं मागं आला. तेवढी जागा स्वराजला पुरली. गोळ्यांची माळच लागली आणि राउंड गेला.

दादा वैतागला. दरवेळी हेच करतीस, म्हणाला, कोपऱ्यात घालतीस आणि सोडून देतीस. मी दमत नव्हते, घाबरतही नव्हते. बोटंच मागं यायची.

दुसरा राउंड. पुन्हा तीच वाट, तेच गोळे. स्वराज पुन्हा कडेला गेला, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला आबा दिसले. ते खुर्चीतून अर्धवट उठले होते. दोन्ही तळवे पसरलेले, पडद्याकडं बघत ते हवेतल्या हवेत दोघांना मध्यावर आणत होते.

मला हसूच आलं. इतके दिवस माझी बोटं जत्रेतल्या पंचाचं ऐकत होती. इथं कडेला माणसं नव्हती, कुणी चेंगरणार नव्हतं, कुणी सोडवायला येणार नव्हतं. कोपरा ही रेड्याची हक्काची जागा होती.

मी मागं आले नाही. पकड, आपट, पुन्हा पुढं. तो उठतोय तोवर मी तिथंच. उडून निसटायला गेला, हवेतच धरला. राउंड माझा.

तिसऱ्याला स्वराज खुर्चीत पुढं सरकून बसला. त्यानं चांगला खेळ केला, माझी लाइफ लाल रेघेवर आणली. पण रेघ शिल्लक होती आणि कोपरा जवळ होता. एकदा हात पोचला, मग त्याला मी मध्य दाखवलाच नाही.

स्वराजनं कंट्रोलर खाली ठेवला, हात पुढं केला. म्हणाला, "दात बघितलं, ताई. पुरं झालं." दादानं टीमच्या यादीत माझं नाव लिहिलं आणि पुढं, मी न सांगता, रेडा असं लिहिलं.

टेम्पोत कडब्याचा वास होता. आबांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. समोर लेण्याद्रीच्या डोंगरावर ऊन उतरत होतं.

"तुला आखाड्यातून काढली ना मी," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं.

"त्या वर्साला तू चार पोरं पाडली व्हती. पुढच्या जत्रंला तुझी जोड लावाय मी मैदानभर फिरलो. एकबी बाप पोरगं द्यायला तयार व्हईना. पोरीकडनं पडला तर गावात काय त्वांड दाखवू, म्हनायचे. तुला सांगितलं असतं तर तू भिडायचंच सोडलं असतंस, म्हनून नाय सांगितलं." त्यांनी किल्लीला हात घातला. "तू कमी न्हवतीस, प्रज्ञा. तुझ्यासमोर कोन उभंच राह्यना."